कडेनं बघणारे मामा

माझ्या थोरल्या मामांइतका डोळ्याला डोळा भिडवून भांडणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नाही. पोरगी बघायला आलेल्या पावण्यांनासुद्धा ते असं काही रोखून बघत, की बिचारे पोह्यांची बशी तशीच ठेवून उठत. प्रेमही तसंच, तोंडापुढं तोंड नेऊन. रोज सकाळी आपल्या चांदी नावाच्या म्हशीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका चोळत विचारायचे, "काय म्हणतीस?" तिचं उत्तर त्यांना कळायचं, मामींचं मात्र जन्मात कळलं नाही. आणि गेल्या वर्षी हाच माणूस बोलताना भिंतीकडं बघायला लागला! "म्हातारा भाव खातोय," गल्ली म्हणाली. मलाही रागच आला होता.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, आणि त्याच्या ओढीनं म्हैस मागं धावते. त्याआधी गाडी नीट चालते का बघायला मामा मला मागं बसवून निघाले. रंकाळ्याच्या वळणावर बघते तर काय, गाडी सरळ आणि मामांचं तोंड तळ्याकडं!

"अहो मामा, समोर बघा की!" मी किंचाळले.

"समोरचंच तर दिसत न्हाय," मामा शांतपणे म्हणाले. "मधी काळा डाग हाय. कडंचं दिसतंय की!"

अजून आठवलं की अंगावर काटा येतो. गाडी थांबवायला लावली, किल्ली हिसकावली आणि रिक्षात घालून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. पडद्याचा मधला भाग झिजलाय, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा डॉक्टरांच्या कानाकडं बघत एवढंच म्हणाले, "म्हंजे चांदीचं तोंड गेलं म्हणायचं." भांडले नाहीत, एक शिवीसुद्धा हासडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पाडव्याला गाडी मी चालवली, मामा मागं बसले. चांदीची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू. मी गाडी कितीही फाडफाड वाजवली तरी ती जागची हलेना. मग मामांनी "ये गं बाय!" अशी हाक दिली, आणि सुटली की पठ्ठी! रस्ताभर शिट्ट्या आणि आरडाओरडा.

"मामा, मागं बघा तरी! काय देखणी पळतीया!" मी ओरडले आणि आरशात पाहिलं. मामा मागं वळलेलेच होते, पण तोंड कडेच्या दुकानांकडं. गालावरून पाणी ओघळत होतं.

"बघतोयच की," ते म्हणाले. "सरळ बघितली की जातीया गं. म्हणून अशी बघतोय."