पाहुण्या टीमचा चहा

इथे वेल्समध्ये, कार्डिफला, आमच्या मुलीच्या कॉलेजात हॉकीची मॅच संपली की घरच्या टीमने पाहुण्या टीमला चहा द्यायची पद्धत होती. नाव चहाचं, पण असायचं पोटभर खाणं. आधी पाहुण्यांना वाढायचं, मग आपण घ्यायचं. शेवटी पाहुण्यांच्या कॅप्टनने उभं राहून चार शब्द बोलायचे. अंपायरचे आभार, स्वयंपाकघराचे आभार, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: आता तुम्ही आमच्याकडे या. मला ते वाक्य फार आवडायचं. या देशात कोणी कोणाला जेवायला बोलावतच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

कॉलेजने खर्चाला कात्री लावली तेव्हा पहिला गेला तो हा चहा. कोर्सला मुलांमागे सरकारचे पैसे येतात, हॉकीला येत नाहीत, हे प्रिन्सिपलने पालकांच्या मीटिंगमध्ये नीट समजावून सांगितलं. मी स्वतः कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, पगार खात्यात आहे, मला आकडे कळतात. कळतात म्हणूनच डोकं फिरलं. सँडविच बंद करून कोणतं कॉलेज तरलंय, बाप्पा? घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं की यापुढे चहाचं मी बघणार. तो हॉस्पिटलमधून नाइट करून आलेला, डोळे तांबारलेले.

"तू काहून मधे पडतेस? तुझ्या बापाचं कॉलेज आहे काय?"

"पोरगी तर माझी आहे ना," मी म्हटलं.

पोरीचं त्यालाही माहीत होतं. नागपूरहून आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती, दिवसभर टकळी चालायची. इथल्या शाळेत पाऊल टाकलं आणि तोंडाला कुलूप लागलं. शाळेने कान तपासले, कसली कसली माणसं बोलावली, कशाचा उपयोग झाला नाही. घरी मोडकंतोडकं मराठी बोलायची, बाहेर चकार शब्द नाही. कॉलेजात हॉकीच्या कोचने तिला गोलमध्ये उभं केलं. गोलकीपरला ओरडावंच लागतं, मागून सगळ्यांना सांगावं लागतं, नाहीतर गोल होतो. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तेव्हा मी मैदानाच्या कडेला छत्री धरून उभी होते. मला कळेचना की ही माझीच ओरडते आहे. मी तिथेच रडले, लोक बघत होते तरी रडले.

कोच म्हणजे साठीची वेल्श बाई, सगळ्यांना 'लव्ह', म्हणजे आपलं 'बाळा', म्हणणारी. ती हिला सारखी म्हणायची, एक दिवस तू पाहुण्यांचं भाषण करशील बघ. आमची पोरगी मान खाली घालायची. मैदानावर ओरडायची ती, पण खोलीत दहा माणसं बसली की पुन्हा मुकी.

तर दर घरच्या मॅचला, बुधवारी, मी अर्धा दिवस रजा टाकून तर्री-पोहे करून न्यायला लागले. पहिल्या दिवशी स्वॉन्सीकडच्या मुली हरभऱ्याच्या त्या लाल रश्शाकडे बघून दचकल्या. नंतर नंतर दुसऱ्या कॉलेजच्या पोरी उतरल्या उतरल्या विचारायच्या, आज ते पिवळं आहे ना? नवराही मग मुकाट्याने कांदे चिरून द्यायला लागला.

पण मी पोहे करून काय थांबणार होतं? पुढच्या वर्षी कॉलेजने टीमला न्यायची मिनीबस विकली. मग कोचचे तास अर्धे केले, ती उरलेले तास फुकट यायची. फेब्रुवारीत सांगितलं की या वर्षीची टीमच शेवटची, पुढे हॉकी बंद. मुलीने घरी येऊन फक्त "टीम संपला" म्हटलं आणि हॉकी स्टिक कपाटामागे ठेवून दिली. मी प्रिन्सिपलला भेटून आले. तो भला माणूस होता, त्याने मला पाणी दिलं, आणि त्याच्याकडेही द्यायला दुसरं काही नव्हतं. मला त्याचा राग राग करायचा होता, तोही धड करता आला नाही.

शेवटच्या मॅचला मी दोन्ही टीमना पुरेल असं मोठं पातेलं भरून नेलं. अंपायर आला, मुली कपडे बदलून तयार. तेवढ्यात कोचचा फोन वाजला. समोरच्या कॉलेजकडेही आता बस नव्हती, मुली जमल्या नव्हत्या, ते येणार नव्हते. न खेळता आम्ही जिंकलो. अंपायरने तसं लिहून घेतलं.

मुली तशाच उभ्या राहिल्या. मग कोचने बॅगेतून जुने हिरवे बिब, टीम वेगळी कळावी म्हणून शर्टावर चढवायच्या बंड्या, काढले आणि अर्ध्या मुलींना वाटले. तुम्ही पाहुण्या, म्हणाली. आणि माझ्या मुलीकडे बोट दाखवून, ही तुमची कॅप्टन. आपल्याच आपल्यात खेळल्या पोरी. अंपायरही थांबला, शिट्टी वाजवत पळत राहिला. माझी पोरगी इतकी ओरडली की घसा बसला.

हॉलमध्ये हिरव्या बिबवाल्या आधी रांगेत लागल्या. मुलगी माझ्यासमोर प्लेट धरून उभी राहिली. "आई, आम्ही पाहुणे आहे," म्हणाली. मी तिला आधी वाढलं, वर लिंबू पिळलं. खाऊन झालं तसे सगळे तिच्याकडे बघायला लागले. पद्धतच होती तशी. मला वाटलं, आता ही खाली बघत बसणार.

ती उठली. बसलेल्या आवाजात, इंग्लिशमध्ये, तिने अंपायरचे आभार मानले. कोचचे मानले. स्वयंपाकघराचे म्हणताना माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "आणि आता तुम्ही आमच्याकडे..." आणि तिथे थांबली. पुढे बोलायला आमच्याकडे काही उरलंच नव्हतं. ती उभीच राहिली, तोंड तसंच अर्धवट उघडं.

मला सहन झालं नाही. काउंटरच्या मागूनच बोलले, आमच्या घरी या, सगळ्या जणी या, मी पोहे करीन. टाळ्या वाजल्या. कोच डोळे पुसत होती. मुलगी खाली बसली.

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून होती. "तू ते का बोलली? कोणी नाही येणार."

"येतील गं," मी म्हटलं.

कोणी आलं नाही. कोणाला दुकानात शिफ्ट लागली, कोणी गाव बदललं, एकदोघींचे मेसेज आले. पुढच्या बुधवारी मुलगी दुपारी दोनलाच घरी आली. मी सवयीने रजा टाकून तर्री गॅसवर चढवली होती. विचारलं, पोहे भिजवू का? तिने नुसतं मानेनेच नाही म्हटलं आणि वर खोलीत गेली. जिन्यावरून काहीतरी म्हणेल म्हणून मी गॅस बंद करून ऐकत उभी राहिले.