बिरूदादांचा सातवा फोटो

भुताखेतांच्या गोष्टींशी माझं जुनं वैर आहे. आमच्या घरी झोपताना परीकथा नव्हत्या, बाबांची बुवाबाजीविरोधी पत्रकं होती. चौथीत असताना मी भर जत्रेत एका अंगारेवाल्याच्याच हातात पत्रक ठेवलं होतं. माझं मत आजही तेच आहे. तरी लिहितेय... कारण लपवणं हाही खोटेपणाच. नावं तेवढी बदलली आहेत.

मी उंब्रजची. आमच्या संघटनेच्या मोर्चांचे फोटो मीच काढते. पाच-सहा वर्षांचा नुसता ढीग. ते नीट लावायला आणि सुधारायला शिकावं म्हणून मलकापुरात सदाकाकांच्या स्टुडिओत जायला लागले, सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन. त्यांचं सॉफ्टवेअर चेहरे ओळखून एकेका माणसाचे फोटो वेगळे काढतं. शंका आली की दोन चेहरे शेजारी ठेवून विचारतं – ही तीच व्यक्ती आहे का? आपण हो किंवा नाही दाबायचं.

तिथेच मला शोधत हिराक्का आल्या, जत तालुक्यातून, दोन एसट्या बदलून. त्यांचे मालक बिरूदादा मेंढरं राखायचे, गायरानाच्या मोर्चांना यायचे. गेल्या श्रावणात वारले. आता वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलेलं आणि घरात त्यांचा धड फोटो नाही. आधार कार्डावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. नात विचारते आज्जा कसा दिसायचा, तिला काय दाखवू, म्हणाल्या.

सदाकाका म्हणाले, चेहरा मिळाला की कोट चढवू. आमच्या भागात वारलेल्या माणसाला फ्रेममध्ये कोट-टाय घालायची पद्धतच आहे. काकांच्या कॉम्प्युटरात काळे-निळे कोट तयार असतात.

"आवं, मालकांनी कवा कोट घातला?" हिराक्का म्हणाल्या. "कोटात मलाच वळखू यायचे न्हाईत."

एका मोर्चाच्या गर्दीत त्यांनी बोट ठेवलं. तो चेहरा मी सॉफ्टवेअरला दिला. सहा फोटो निघाले, सहाही निकामी – कुठे झेंडा आडवा, कुठे अर्धाच गाल. मग सातवा आला, प्रश्नासकट. खांद्यावर घोंगडं, थेट कॅमेऱ्याकडे बघून हसणारे बिरूदादा. मागे सांगलीच्या धरणे आंदोलनाचा बॅनर... जो मी स्वतः आदल्या दिवशी रंगवला होता. ते आंदोलन मार्गशीर्षातलं. म्हणजे माणूस जाऊन चार महिने झाले होते.

माझा संशय सरळ सदाकाकांवर. वारलेला आज्जा लग्नाच्या ग्रुप फोटोत बसवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. तोंडावरच विचारलं, तर हसले. "पुढारीणबाई, माणूस घातला की सावली जुळवाया लागती. ही सावली मला जमायची न्हाई."

माझा विश्वास बसला नाही. कॅमेऱ्याचं मूळ मेमरी कार्ड घरी कपाटात होतं, स्टुडिओत कधी गेलंच नव्हतं. घरी जाऊन ते कॅमेऱ्यातच लावून बघितलं. बिरूदादा तिथेही हसत होते.

मग दुसरा संशय – कोणीतरी सारखा दिसणारा. हिराक्का त्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. सकाळी स्टुडिओत त्यांना फोटो मोठा करून दाखवला. घोंगड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचं रफू होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"दोरा माझा हाय," म्हणाल्या. "आन् घोंगडं सरणावर मीच टाकलंय."

रडल्या नाहीत. भीती मला वाटली, आणि ती भुताची नाही. बॅनरसकट हा फोटो भिंतीवर लागला, की महिन्याभरात तिथे एखादा बुवा गादी टाकून बसणार. म्हणून पुसून टाकते, असं मी सांगून टाकलं.

"पूस की," हिराक्का म्हणाल्या. "पर आदी नातीला काय दावू त्ये सांग."

गर्दी मोठी दिसावी म्हणून मी आजवर एकही फोटो छाटलेला नाही, त्यावरून संघटनेत भांडलेय. त्या सकाळी मात्र बॅनर कापला. चेहरा आणि घोंगडं ठेवलं. कोट नाही.

फ्रेम जतकडे गेली. मी तारखा तपासल्या, त्या बरोबरच निघाल्या; त्या दिवशी आलेल्यांना गाठून विचारलं, कोणालाच नक्की आठवत नव्हतं. फोटो काढताना बिरूदादा समोर होते का, मलाही आठवत नाही. सॉफ्टवेअर उघडलं की अजून दोन चेहरे शेजारी येतात – ही तीच व्यक्ती आहे का?

मी अजून काहीच दाबलेलं नाही.