विहीणबाईंचं पान

शिजत असलेला पदार्थ मावशींनी जन्मात कधी चाखला नाही. मीठ बघायला आपण आमटीचा थेंब तळहातावर घेतो ना, तसलं काही नाही. त्या भांड्यावर वाकायच्या, वाफ नाकाशी घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी आहे." आणि असायचंही कमी! वाईजवळच्या त्यांच्या सासरघरातून देवळाचा रोजचा नैवेद्य जाई. देवाच्या आधी चाखायचं नाही, त्यामुळे सगळी भिस्त नाकावर आणि हातावर. पुढे नवरा गेला, नैवेद्य दुसऱ्या घराकडे गेला, सवय मात्र राहिली. "चाखून काय, कुणीही करेल," असं मला तोंडावर ऐकवायच्या, कारण मी चाखता चाखता अर्धं पातेलं रिकामं करणारा माणूस.

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीसाठी हॉलंडला आलेला. अ‍ॅमस्टेलव्हीनला मावशींच्या लेकीच्या, माधवीच्या, शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मावशी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आल्या आणि करोनाने विमानंच बंद झाली. माझं झुइडास या व्यापारी भागातलं ऑफिस तेव्हा जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं. घरात पाहुणा बोलवायचा तर एखादाच, असे दिवस. माधवीकडे तो एखादा बहुतेक मीच. मावशींनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय कोल्हापूर, जेवलास का?" एवढ्यावर सगळं भागायचं.

जावई आंद्रेस मेक्सिकोचा. इथल्या वाखनिंगन विद्यापीठात शिकताना त्याचं आणि माधवीचं जुळलं. मावशींनी त्याचं आनंदराव करून टाकलं होतं आणि त्याच्याशी त्या बिनदिक्कत मराठीत बोलायच्या. त्याला कळतं का, म्हणून मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "भाषा भांडायला लागते रे. जेवायला वाढताना कशाला लागते?" त्याच्या आईशी, म्हणजे विहीणबाईंशी, त्यांची भेट फक्त फोनवरची. ती बाई तिच्या भाषेत बोलायची, मावशी आपल्या. मग दोघी आज काय केलंय ते पातेलं उघडून एकमेकींना दाखवायच्या आणि खूश व्हायच्या.

त्या विहीणबाई करोनात गेल्या. आंद्रेसला जाता आलं नाही. अंत्यसंस्कार त्याने स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिले. त्यानंतर गड्याने अन्न जवळजवळ सोडलंच. ताटावर बसायचा, चिवडायचा, उठायचा. गाल बसले, पँट कमरेवर ठरेना. माधवी बाळाला सांभाळता सांभाळता रडकुंडीला आलेली. आम्हा सगळ्यांनाच भीती वाटायला लागली होती की हा असाच झिजत जाणार.

एक दिवस मावशींनी मला दुभाषा म्हणून बसवलं आणि त्याला विचारायला लावलं, आई तुझ्यासाठी काय करायची? तो म्हणाला, एन्चिलादास. मक्याच्या पातळ भाकरीत बीफ भरायचं, गुंडाळ्या मिरचीच्या लाल रश्शात बुडवायच्या, वर चीज घालून ओव्हनमध्ये भाजायचं. बीफ म्हणजे काय हे मला मावशींना सांगावं लागलं नाही. त्या उठून बाळाकडे गेल्या. दोन दिवस विषय तसाच राहिला. माधवी म्हणाली, चिकनचं करू, त्याला चालेल.

"त्याला चालेल गं," मावशी म्हणाल्या, "पण पान त्याचं नाही, विहीणबाईंचं आहे. गेलेल्या माणसाला आवडेल ते वाढायचं असतं. आपल्याला चालेल ते नाही."

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या मांसाला हात लावताना मला कसंतरीच होणार आहे, पण तू मध्ये बोलू नकोस." मी मटणावर वाढलेला माणूस, तरी मलाच ते जड गेलं. ज्या हातांनी उभा जन्म देवाचा नैवेद्य रांधला, ते हात हे करणार होते, आणि तेही एका परक्या बाईसाठी, जिला त्या कधी समोरासमोर भेटलेल्याही नव्हत्या.

रविवारी मावशी नाहून आल्या. स्वयंपाकघरातल्या फडताळावरचा बाळकृष्ण त्यांनी उचलला आणि आतल्या खोलीत पाळण्याशेजारी नेऊन ठेवला. "आज बाळापाशी बस," म्हणाल्या, "इकडे यायचं नाही." पातेलं नवं कोरं आणलेलं. हातात करोनाचे निळे हातमोजे, तोंडावर मास्क. मांस मी आणून दिलं. त्यांनी ते धुतलं, चिरलं, शिजायला टाकलं. मिरच्या मात्र ब्याडगी, आमच्या इथल्या भारतीय दुकानातल्या. भाजल्या, भिजवल्या, लसूण-जिरं घालून वाटल्या. इथवर सगळं ओळखीचं होतं.

आता मिठाची वेळ आली. मास्कमधून वास कसा येणार? मी लगेच चमचा घेऊन पुढे, मी सांगतो म्हणालो. मावशींनी माझा हात धरला.

"नैवेद्य उष्टा करतोस?"

मग त्यांनी मास्क काढला, पातेल्यावर वाकल्या आणि ती वाफ चांगली छातीभर घेतली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मी आजवर फार शूर माणसं पाहिलेली नाहीत, पण त्या दिवशी एक पाहिलं.

घोटाळा पुढे झाला. मावशींनी मक्याची भाकरी थापली सुरेख, पण भाजून थेट रश्शात बुडवली आणि गुंडाळायला गेल्या तर तिचा लगदा! दुसरीचंही तेच. कोपऱ्यात बसलेला आंद्रेस एकदम "नो, नो, आई!" म्हणत उठला. आधी तेलातून काढायची, मग बुडवायची. बाह्या सरसावून तो कढईपाशी उभा राहिला, त्या भरू लागल्या, आणि ओव्हनचा ट्रे दोघांनी मिळून भरला. कितीतरी दिवसांनी तो आपण होऊन कशाला हात लावत होता. माधवी दारात उभी राहून बघत होती, आत यायचं धाडस तिला होईना.

ट्रे बाहेर आला तेव्हा चीज बुडबुडत होतं. मला तर भूक आवरेना. पण मावशींनी पहिलं पान वाढलं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. हे आंद्रेसला समजावताना माझी दमछाक झाली, पण आश्चर्य म्हणजे त्याला ते पटकन कळलं. त्यांच्याकडेही वर्षातून एकदा गेलेल्यांसाठी ताट मांडतात म्हणाला. आम्ही उभे. सीगल यायला लागले, ते मी वर्तमानपत्राने हाकलत होतो. शेवटी इकडचा तो करड्या मानेचा लहानखुरा कावळा कठड्यावर बसला, तिरकी मान करून बघितलं, आणि चीज ओढून उडाला.

मावशी आंद्रेसच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "विहीणबाई जेवल्या. आता तू जेव."

तो मोठ्याने रडला. आणि मग जेवला. मावशींनी विचारलं, आईसारखं झालं का? नाही, म्हणाला, जरा गोड लागतंय. मावशींनी कपाळावर हात मारला. सवयीने रश्शात गुळाचा खडा पडला होता! तोवर त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. "खरं बोलला, बरं वाटलं," त्या मला म्हणाल्या. मग त्याने विचारलं, तुमची आई तुमच्यासाठी काय करायची? मावशी लाजल्याच. त्यांना हे आजवर कुणी विचारलं नसावं. "ताकातला पालक," म्हणाल्या. स्वतः त्या दहीभात खाऊन उठल्या.

विमानं सुरू झाल्यावर मावशी परत गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "कोल्हापूर, जरा नाकाने जेवायला शीक." पुढच्या उन्हाळ्यात तिकडे लाट आली आणि मावशी गेल्या. आता माधवीला जाता येईना. तीच गत, तोच फोन, तेच स्वयंपाकघर.

पान वाढायचं ठरलं तेव्हा माधवी गोंधळली. आईला काय आवडायचं हे तिला सांगता येईना. आई सगळ्यांच्या आवडीचं करायची, म्हणाली, आणि उरेल ते खायची. एवढं बोलून तिला हुंदका आवरेना. आंद्रेस उठला आणि पालक आणायला गेला.

त्याने फोनवर बघून ताक घुसळलं, हरभऱ्याची डाळ शिजवली, शेंगदाणे घातले. पातळभाजीला उकळी आली तशी मी जुन्या सवयीने चमचा उचलला. आंद्रेसने माझा हात धरला.

"नैवेद्य," तो म्हणाला.

मग तो पातेल्यावर वाकला, डोळे मिटून वाफ घेतली, जरा विचार केला, आणि मान डोलावली. पान बाल्कनीत गेलं. कावळा आला, शिवला. आम्ही जेवायला बसलो.

पातळभाजीत मीठच नव्हतं. कुणीही मागितलं नाही.