समुद्रातली रेती

बाई इंदूरजवळच्या आमच्या कसब्यातल्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. जन्म इंदूरच्या परदेशीपुऱ्यातला, वडील कापड गिरणीत कामाला. पण त्यांनी आयुष्यभर रंगवला तो समुद्र. दिवाळीची सुट्टी लागली की रंगांची पेटी घेऊन त्या कोकणात वेंगुर्ल्याला जायच्या. निवृत्त झाल्यावर तिथेच एक खोली घेऊन राहिल्या.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मला पुढे शिकवा, हे वडिलांना सांगायला बाई दोनदा घरी आल्या होत्या. दुसऱ्यांदा तर कॉलेजचा फॉर्म हातात घेऊनच. आज मी इंदूरच्या पलासिया भागातल्या एका बँकेत नोकरी करतो, ती त्या फॉर्ममुळे. चित्र मला आजही काढता येत नाही. पण सावली काळी नसते एवढं मला कळतं. शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर कडुनिंबाची सावली पडायची. बाईंनी आम्हाला तिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "रंग सांगा, मग सोडते." बराच वेळ सगळे काळा, काळाच म्हणत राहिलो. शेवटी एक मुलगी ओरडली, "बाई, जांभळा!" बाईंनी त्या मुलीला आपला खडू बक्षीस दिला.

गेल्या हिवाळ्यात इंदूरमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. वय सत्तरीच्या पुढे. "माझ्या गावाने माझं काम एकदा तरी नीट बघावं," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. चित्रं आठवडाभर आधी माझ्या घरी आली. बाई मागाहून येणार होत्या.

सगळ्यात मोठं चित्र सकाळच्या भरतीचं होतं. जवळून पाहिलं तर निळे, पिवळे, गुलाबी रंगांचे नुसते जाड फटकारे; दारात जाऊन पाहिलं की पाणी हलायला लागायचं. जवळून पाहताना मला रंगात अडकलेले बारीक खडे दिसले. वाटलं, ट्रकमधली धूळ. स्वच्छतेत देशात पहिला नंबर लावणाऱ्या आम्हा इंदूरवाल्यांचे हात कचरा दिसला की स्वस्थ बसत नाहीत.

बायको म्हणाली, "अहो, बाईंना एक फोन तर करा."

"एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास?" मी म्हटलं, आणि अख्खा रविवार सुई आणि कापूस घेऊन बसलो. संध्याकाळी बशीत अर्धा चमचा खडे जमले. मला फार बरं वाटलं.

बाई आल्या. चष्मा लावून चित्राजवळ गेल्या, त्यावरून बोट फिरवलं. "रेती कुठे गेली रे?"

मी बशी पुढे केली.

"अरे भिया!" 'भैया'चा इंदुरी 'भिया' म्हणत त्या मटकन खुर्चीत बसल्या. "वारा होता त्या दिवशी. किनाऱ्यावर बसून काढायचं म्हणजे ओल्या रंगात रेती उडणारच. ती त्या सकाळची रेती होती."

"गोंदाने परत लावू का?"

"गोंदाने!"

"मग थोडा रंग भरून..."

"उजेड बदलला की मी ब्रश खाली ठेवते. घरी बसून एकाही चित्राला हात लावलेला नाही, आता लावू?"

म्हणजे दुरुस्ती नव्हतीच. प्रदर्शनातलं मुख्य चित्र मी, त्यांच्याच विद्यार्थ्याने, टोचून ठेवलं होतं. मला मान वर करवेना. चष्मा पुसत बाई म्हणाल्या, "टांगायचं. पण शेजारी तू उभा राहायचं. तीन दिवस. कोणी विचारलं तर खरं सांगायचं."

मी रजा काढली आणि उभा राहिलो. "हे खड्डे दिसतात ना? इथे रेती होती. ती मी काढली."

एक आजोबा म्हणाले, "का भिया, शहर झाडून झालं म्हणून समुद्र झाडायला घेतला?" सगळा हॉल हसला, बाई सर्वांत मोठ्याने.

पण चूक समजावायची तर बाईंची रीतही सांगावी लागायची: उजाडायच्या आत वाळूवर जाऊन बसणं, वाऱ्यात कॅनव्हास गुडघ्याने दाबून धरणं, ऊन चढायच्या आत हात आवरणं. समुद्र कधी न पाहिलेला मी हे सगळं सांगत होतो. ऐकून झालं की लोक बाकीच्या चित्रांकडे वळायचे आणि रेती शोधायला लागायचे. "अगं, इकडे ये, इथे आहे!" "यात तर शिंपल्याचा तुकडा आहे!" एरवी अर्ध्या मिनिटात पुढे सरकणारी माणसं एकेका चित्रापाशी दहा-दहा मिनिटं थांबत होती. परदेशीपुऱ्यातल्या बाईंच्या जुन्या शेजारणी आल्या, त्या तर घरून भिंग घेऊन.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोह्यांची प्लेट घेऊन बाईंकडे गेलो. त्या हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसल्या होत्या. चारही भिंतींना माणसं नाक लावून उभी.

"बाई, कोणी तुमच्याशी बोलायला येत नाहीये का? बोलावू?"

"नको रे," बाई म्हणाल्या. "मला सगळ्यांच्या पाठीच दिसतायत. किती छान!"