उतरती बोली

देवाने आवाज वाटायला काढला तेव्हा आमचे साडू रांगेत पहिले उभे असणार आणि मागच्यांना त्यांनी काही उरू दिलं नसणार. एवढ्या मोठ्या आवाजाचा दुसरा माणूस जालना जिल्ह्यात नाही, हे मी नातेवाईक म्हणून सांगत नाही. नातेवाईक म्हणून मी ते लपवायलाच बघतो. ते बदनापूरला राहतात, मी जालन्यात. त्यांचा फोन आला की आमची ही स्वयंपाकघरातून विचारते, "दाजी फोनवर आहेत की दारात?" कुजबुज हा प्रकार त्यांना फक्त ऐकून माहीत आहे. एकदा एका मयतीला आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. ते माझ्या कानाला लागून, त्यांच्या मते अगदी हळू, म्हणाले, "म्हातारं लै चिवट व्हतं. पोरं कवाची वाट पाहून राह्यलीत." पोरं समोरच तिरडी बांधत होती. त्यातल्या एकाने सुतळी तशीच हातात धरून आमच्याकडे पाहिलं. साडूंनी मला कोपराने ढोसून विचारलं, "त्याला ऐकू गेलं काय?" हेही त्याला ऐकू गेलं.

दोष धंद्याचा म्हणायचा. जन्मभर त्यांनी जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीवर हर्राशी पुकारली. तुरीचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, आणि मधे हे कमरेवर हात ठेवून बोली चढवत उभे. बोली चढली की त्यांचा आवाज चढायचा आणि आवाज चढला की व्यापारी घाबरून बोली चढवायचे, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. पुढे मोंढा सुटला, पण ते घशाला कुणी कळवलं नाही. घरात मीठ मागायचं तर तेही लिलावात काढल्यासारखं.

त्यांच्या मंडळी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आक्का. वयाने मोठी आहे, पण अहो-जाहो केलेलं तिला चालत नाही. काही वर्षांपूर्वी तिचे कान बिघडले. सरळ बहिरेपण आलं असतं तर निदान सोय झाली असती, असं ती स्वतःच म्हणते. पण तिचं दुखणं विचित्र. हळू आवाज तिला ऐकूच येत नाही, आणि जरा वाढला की कानात दाभण घातल्यासारखं होतं. दोन्हींच्या मधे एक चिंचोळी पट्टी आहे, तेवढीच तिची. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं, ते कपाटात जाऊन पडलं. लग्न झाल्यापासून या दोघांचा एक नेम होता. साडू मोंढ्यातून आले की पुढच्या खोलीत अँप्लिफायरवर जुनी गाणी लागायची. गाणी ती निवडायची आणि हे ऐकायचे. ऐकताना माणूस बोलत नाही, हाच तिच्या संसारातला विसावा. कान बिघडल्यावर ती मागच्या खोलीत बसायला लागली. हे पुढे, ती मागे, मधे लावलेलं दार. आक्काने पुन्हा पुढच्या खोलीत येऊन बसावं, एवढी एकच गोष्ट साडूंना हवी होती.

आता कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं की रोग अँप्लिफायरात नसून घरधन्याच्या घशात आहे. साडूंना सोडून साऱ्या गल्लीला ते कळलेलं होतं. त्यांनी मात्र खापर फोडलं ते आवाजाच्या गोल बटणावर. "ह्याचा कान पिळला की हे एकदम उडी मारतंय," ते मला दाखवत म्हणाले. "हितं ठिवलं तर तिला ऐकू येत न्हाई. केसभर सरकवलं की ती कानावर हात ठिवती. मधलं कायच न्हाई ह्याच्यात." यात तथ्य होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं. मी म्हणालो, नवीन सेट घ्या. विकतचं घेणं म्हणजे दुसऱ्याची अक्कल वापरणं, असं त्यांचं मत आहे. ते म्हणाले, "बनवून राह्यलो मी."

जे बनवत होते त्याला रिमोटवर चालणारं, पायरी पायरीने आवाज कमी करणारं यंत्र म्हणायचं. मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ पाहून त्यांनी आपोआप उघडझाप करणारे छोटे रिले आणले, रेझिस्टर आणले, नखाएवढी प्रोग्रामची चिप आणली, आणि हे सगळं बसवायला आक्काचा मसाल्याचा डबा उचलला. सहा वाट्यांच्या जागी सहा रिले बरोबर बसले, हा त्यांना ईश्वरी संकेत वाटला. डबा धुवायचं राहिलं होतं. यंत्र तापलं की खोलीत हळद-जिऱ्याचा वास सुटायचा आणि आलेला पाहुणा जेवायच्या आशेने रेंगाळायचा. त्याला जेवण मिळत नसे, व्याख्यान मिळे. सिलिंडरवाला त्यात सापडला, मीटर वाचायला आलेला माणूस सापडला, मी तर दर रविवारी सापडत होतो. डब्याच्या झाकणावर लाल आकडे उमटायचे, शून्यापासून त्रेसष्टपर्यंत, आणि तेही उलटे. आकडा चढला की आवाज उतरायचा. मी एकदा सहज विचारलं, "दाजी, आवाज वाढतो कितीपर्यंत?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "वाढत न्हाई, पाव्हणं. ह्यानं निस्ता कमी व्हतो. वाढवाय काय, गाढवबी वाढवतंय." हे वाक्य पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनीही ऐकलं.

उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो होतो. पुष्कळ विनवण्या करून साडूंनी आक्काला पुढच्या खोलीत आणून बसवलं. हार नव्हता, म्हणून डब्याला हळदकुंकू वाहिलं. हळद आतही होतीच. गाणं त्रेसष्टवर सुरू झालं, म्हणजे कुणालाच ऐकू येईना. साडू रिमोट दाबत एकेक पायरी खाली येऊ लागले. प्रत्येक पायरीला डब्यात टक्‌ व्हायचं. पन्नास, चाळीस, पस्तीस. आक्काने मान जराशी कलती केली. "येतंय का?" आमची ही डोळ्यांनीच विचारत होती. तेहतीस, बत्तीस. आणि एकतीसवर जाताना त्या स्पीकरांतून असा काही धडाका निघाला की खिडकीतली मांजर सरळ शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेली. पळभराचाच होता, पण आक्काचं काम झालं होतं. दोन्ही हातांनी कान दाबून ती उठली, मागे गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

त्यानंतर साडू गप्प झाले. इतके गप्प की शेजारीण घरी येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मलाही हसू येईना. मी म्हणालो, आता पुरे करा. त्यांनी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. "हे सहा हमाल समजा," ते म्हणाले. "आवाजाचं पोतं धरून उभे. बत्तीसवर एकटा थोरला हमाल पोतं धरतो. एकतीस आलं की त्यानं सोडायचं आन्‌ बाकी पाच जणांनी धरायचं. माझा थोरला आधी सोडून राह्यला, मंग ते धरून राह्यलेत. मधी पोतं कुणाच्याच हातात न्हाई. ते पडलं तिच्या अंगावर." मोंढ्यात पोतं देताना हमाल आधी 'धरलं?' असं विचारतो, समोरचा 'धरलं' म्हणतो, आणि मगच पहिला हात काढतो. एवढी साधी रीत हा माणूस जन्मभर डोळ्यांसमोर पाहत आला होता, आणि आपल्या यंत्राला शिकवायला विसरला होता. प्रोग्राममधल्या दोन ओळींची त्यांनी अदलाबदल केली. आधी धरायचं, मग सोडायचं. "मधी पळभर आवाज गडप झाला तर चालंल," ते म्हणाले, "पडाय नको."

पण आक्का दार उघडेना. पुढे आठवडा-दीड आठवडा त्यांनी बंद दाराशी यंत्राची बाजू मांडली, ती त्यांच्याच आवाजात, म्हणजे दार लावलेलंच बरं हे तिला आणखी पटत गेलं. शेवटी माझ्या बायकोने बहिणीची समजूत घातली आणि आक्का येऊन बसली, रिमोट स्वतःच्या हातात ठेवायचा या अटीवर. ती दाबत गेली. बत्तीस, एकतीस, काही पडलं नाही. सत्तावीसवर तिचा अंगठा थांबला. तिने पदर सारखा केला, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. गाणं तिच्या त्या चिंचोळ्या पट्टीत बरोबर बसलं होतं.

साडूंना आनंद आवरला नाही. ते उभे राहून गरजले, "येतंय का नाय बराबर?"

आक्काचे हात कानांवर गेले. ती उठणार, पुन्हा कडी लागणार, हे मला स्पष्ट दिसलं. त्यांनाही दिसलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला. पण ती उठली नाही. तिने रिमोट त्यांच्या छातीवर रोखला आणि बटण दाबलं. टक्‌.

साडूंनी रिमोटकडे आणि तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज एक पायरी उतरवून विचारलं, "आता?" तिने मान हलवून पुन्हा दाबलं. ते आणखी उतरले. "आता?" पुन्हा बटण. ज्या माणसाने आयुष्यभर बोली चढवली तो आमच्यादेखत बोली उतरवत होता, आणि घेणारी एकच होती. उतरता उतरता आवाज असा झाला की मला तो ओळखू येईना. "आता?"

"बस," आक्का म्हणाली. "हितंच ऱ्हावा."

तेव्हापासून ते त्या पायरीवरच राहिले आहेत, बाहेरसुद्धा. मी विचारलं तर म्हणाले, "वर गेलो की खाली याया टाइम लागतो, पाव्हणं." आक्का रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत असते. मधलं दार उघडं असतं, आणि ते दोघं गाण्याच्या वेळी चक्क बोलतातही. परवा ते मला स्टेशनवर सोडायला आले होते. पूर्वी त्यांनी 'पोचल्यावर फोन करा' म्हटलं की गाडीचा अख्खा डबा मान हलवायचा. या वेळी गाडी हलली तेव्हा ते खिडकीजवळ काहीतरी म्हणाले आणि मला ऐकू आलं नाही. मी "काय?" म्हणेपर्यंत फलाट मागे पडला होता. त्या आवाजाची मी इतकी वर्षं टिंगल केली, आणि खरं सांगतो, मला त्याची फार आठवण आली.

घरी पोचल्यावर मीच फोन लावला. "पोचलात?" त्यांनी विचारलं. मी हिला मिक्सर बंद करायला सांगितला आणि फोन कानाला घट्ट दाबून धरला.