पंचमामांचं गाऱ्हाणं

गणपतीच्या दिवसांत आमचे पंचमामा शेजारच्या सावंतांच्या दारात उभे राहून दरवर्षी एकच वाक्य बोलायचे, "सावंता, पाया पडणार नाही, पण आरास बघायला आलोय." एवढं बोलून चपला काढायच्या, आत जाऊन भिंतीला टेकून बसायचं आणि आरती संपेपर्यंत हलायचं नाही. टाळ्या नाहीत, हात जोडणं नाही. मखराच्या दिव्यांची माळ मात्र त्यांनीच जोडलेली असायची, आणि आरतीच्या मध्येच ती रुसली की सगळ्यांच्या आधी उठायचे तेही तेच. विक्रोळीच्या आमच्या चाळीत याचं कुणाला नवल वाटत नसे, आणि राग तर मुळीच येत नसे.

पंचमामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. घाटकोपरच्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा मी मामा-मामींकडे राहायला आले. मामा एका मोठ्या कारखान्यात फिटर होते आणि रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच होते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमच्यात पंच म्हणतात. चाळीने तो मान परस्पर उचलला आणि त्याला 'मामा' जोडून टाकलं.

सावंतकाका मालवणकडचे, परळच्या एका गिरणीत कामाला. संध्याकाळी दोघं गॅलरीत स्टुलांवर बसले की देवावरून असा काही वाद घालायचे की नवख्या माणसाला वाटावं, आता मारामारी होणार. "पंचानू, तुमचो देव एकटोच. तेका कंटाळो नाय येणा?" असं काका विचारायचे. मामा म्हणायचे, "येतो ना. म्हणून तर त्याने तुला जन्माला घातलं." मग दोघंही खो-खो हसायचे आणि मामी आतून ओरडायची, "चहा निवतोय, आधी तो प्या, मग देवांचं बघा."

पण एक सांगून ठेवते. मामा 'सगळे देव सारखेच' म्हणणाऱ्यांतले नव्हते. कुणी गोड हसून तसं म्हटलं की ते चिडायचे. "सारखेच असते तर माझ्या आजोबांनी गावकी, पाणवठा, भाऊबंद कशाला सोडले असते? येशू भेटला म्हणून सोडले." ते सगळं त्यांच्या अंगात होतं. आणि म्हणूनच सावंतकाकांनी येशूकडे यावं, ही त्यांची खरीखुरी, मनापासूनची तळमळ होती. रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते मोठ्याने म्हणायचे, "बापा, तुझ्या घरी बंगले असतील तर मला करमायचं नाही. चाळच असू दे. आणि माझ्या शेजारची खोली सावंताला दे." दोन खोल्यांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. मामी म्हणायची, "अहो हळू, ऐकू जातंय." "जाऊ दे की. चोरून थोडंच मागतोय?" पलीकडून सावंतकाकांचा आवाज यायचा, "आयकलंय हां, पंचानू!"

आमच्या प्रार्थनासभेत एकदा एक तरुण प्रचारक आले. ते सारखे 'आपल्या आसपासचे मूर्तिपूजक' असं म्हणत होते. मामांनी शांतपणे विचारलं, "बंधू, तुमच्या शेजारी कोण राहतं?" त्यांना सांगता येईना. मामा म्हणाले, "माझ्या शेजारी सावंत राहतो. त्याला मूळव्याध आहे, थोरली मुलगी दहावीला आहे, आणि त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त देवाची आठवण येते. त्याच्याविषयी बोलायचं तर नावानं बोला." मी मागच्या बाकावर होते. हे आपले मामा आहेत, हे शेजारच्या बाईला सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

मोदकांचीही एक गोष्ट होती. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य मामा खात नसत, आणि ते त्यांनी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं. सावंतकाकूंनी वाद घातला नाही. त्या दरवर्षी पहिल्या घाण्यातले मोदक नैवेद्याच्या आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवायच्या. देवाआधी माणसाचा वाटा काढायचा, हे कोकणातल्या घरात केवढं धाडस! त्यांच्या सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "देवाच्या आधी पंचांक? काय म्हणतलो देव?" काकू झाकण लावता लावता म्हणायच्या, "देवाक सगळा कळता. तो काय पंचांसारखो हट्टी नाय." मामा ते मोदक तूप घालून, डोळे मिटून खायचे. उलट बाजूने नाताळ सोमवारी आला की मामीची कोंबडी मंगळवारवर जायची, कारण सावंतांचा सोमवार.

मग गिरण्यांचा संप आला आणि लांबत लांबत गेला. सावंतकाका घरी बसले. गॅलरीतले वाद थांबले. काका रस्त्याकडे बघत स्टुलावर बसायचे, आणि मामा शेजारचं स्टूल सोडायचे नाहीत.

त्या वर्षीही काकांनी गणपती आणला. आरती झाली आणि गाऱ्हाणं घालायची वेळ आली. मालवणी घरात हे असतंच. घरचा कर्ता हात जोडून देवापुढे सगळ्यांची सुखदुःखं मांडतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काकांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाशी..." आणि त्यांचा आवाजच गेला. पुन्हा प्रयत्न केला, जमेना. खोलीत चाळ दाटलेली. काकांनी वळून भिंतीशी बसलेल्या मामांकडे पाहिलं. "पंचानू, तुम्ही घाला."

मामा उठले. "सावंता, मी याला घालणार नाही. माझ्या बापाला घालीन. चालेल?"

"चलात. कोणाक तरी घाला."

मामांनी सावंतकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "हे आमच्या स्वर्गातल्या बापा, हा माझा मित्र थकलाय."

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली गरजली.

मामांचा एक डोळा उघडला. आयुष्यभर आमेन ऐकलेला माणूस तो! क्षणभर मला वाटलं, आता ते थांबणार. पण त्यांनी डोळा पुन्हा मिटला आणि आवाज चढवला. "याच्या हाताला काम दे."

"व्हय म्हाराजा!"

"याच्या घरातली चूल विझू देऊ नकोस."

"व्हय म्हाराजा!"

"तुझा पुत्र येशू याच्या नावाने मागतो." इथे खोली एकदम शांत झाली. आणि मग सावंतकाकांचा एकट्याचा, फाटका पण मोठा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" त्याच्यामागून सगळ्यांचा.

ही बातमी मंडळीत पोचायला वेळ लागला नाही. पंचांची सभा बसली. मूर्तीसमोर प्रार्थना केली, हा आरोप. मामा म्हणाले, "मूर्ती तिथे होती, खरं आहे. पण माझा हात सावंताच्या खांद्यावर होता." एका वडीलधाऱ्या पंचांनी तोड काढली. सावंतांना बाप्तिस्म्याला आणा, ओळखीतून त्यांच्या नोकरीचंही बघू, म्हणजे तुमच्यावरचा ठपका आपोआप जाईल. घरी आल्यावर मामांनी चपला काढायच्या आधीच हे सांगितलं. "भुकेल्या माणसाला भाकरी दाखवून गुडघे टेकायला लावायचे? असल्या कामाला येशूचं नाव लावायचं?" त्यांनी पंचपद सोडलं. रविवारी जायचे, मागच्या बाकावर बसायचे, गाणी पूर्वीइतक्याच मोठ्याने म्हणायचे.

सावंतकाकांना कळलं आणि ते तरातरा आमच्या खोलीत आले. "माझ्यापायी तुमचा पंचपण गेला? चला, उद्याच येतंय तुमच्या देवळात. घाला माझ्या डोक्यावर पाणी. होवंदे एकदाचा!"

मी आणि मामी मामांकडे बघू लागलो. रोज जेवणाआधी ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, तो माणूस आपल्या पायांनी दारात आला होता. फक्त 'ये' म्हणायचं होतं.

मामांनी त्यांना स्टुलावर बसवलं. "सावंता, तू येशूकडे आलास तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण हे तू माझ्यासाठी करतोयस. माझ्यासाठी नको. तो तुला हवासा वाटेल तेव्हा ये."

"आणि नाय वाटलो तर?"

"तर मी मागत राहीन. तू ऐकत राहा."

काका गेल्यावर मामा मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. आमच्या घराण्यात धर्मासाठी गाव सोडणारे निघाले, पाद्री झाले, पण मला अभिमान आहे तो मोरीतून तोंड पुसत आलेल्या या माणसाचा.

पुढे सावंतकाकांना मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. वाद पुन्हा सुरू झाले, मोदकांचा डबा येत राहिला. फळ्यांच्या भिंतीतून प्रार्थनाही जात राहिली. सावंतकाका मंडळीत कधी आले नाहीत. आले ते मामांना पोचवायलाच, मामांच्या हृदयाने अचानक दगा दिला तेव्हा. दफनभूमीत एका बाजूला मंडळी, दुसऱ्या बाजूला अख्खी चाळ. चर्चच्या पाळकांची प्रार्थना झाली, आम्ही मूठमूठ माती टाकली. लोक वळणार, इतक्यात सावंतकाका खड्ड्याच्या कडेला येऊन हात जोडून उभे राहिले.

"बा पंचांच्या बापा म्हाराजा, तुका मी वळखत नाय. पण पंच तुका वळखत होते. तेंका बरा संभाळ."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली.

"तेंका बंगलो नको. चाळीत ठेव." काकांनी जोडलेले हात कपाळाला लावले. "आणि बाजूची खोली कोणाक देऊ नको. रिकामी ठेव. माका वाट म्हायत नाय, पण मी येतलंय."

बाप्तिस्म्याची तोड काढणारे ते वडीलधारे पंच माझ्या शेजारीच उभे होते. मी आमेन म्हणायला तोंड उघडलं, तोच त्यांचा आवाज माझ्याही आधी आला.

"व्हय म्हाराजा."