ड्रिलवाल्याचा वाटा

आमच्या कारखान्यात हातमोजे वाटले त्या दिवशी एकट्या मला मिळाले नाहीत. माझ्या धाकट्या भावाला मात्र मिळाले, आणि तेही कसे, तर कोपरापर्यंत येणारे, पिवळ्या चामड्याचे, आत मऊ अस्तर लावलेले. त्याने ते घातले, मुठी उघडल्या, मिटल्या, आणि माझ्याकडे बघून हसला. सहज हसला असेल. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

कारखाना तलासरीजवळ, हायवेच्या कडेला. थोडं पुढे गेलं की अच्छाडचा नाका. लोखंडी स्टँड, मशीनचे सांगाडे, कोणी सांगितलं तर गेटसुद्धा आम्ही बनवतो. मी ड्रिलवर आहे, भाऊ वेल्डिंगवर. आम्ही दोघं डहाणूच्या खाडीकाठचे. बाप बोटीवर होता, त्याचा बापही बोटीवर होता. बोटीत भागेना म्हणून मी कारखान्यात आलो आणि मागोमाग भावालाही मीच चिकटवला. रोज सकाळी एकाच मोटारसायकलवरून आशागडमार्गे हायवेला लागतो, मी चालवतो, तो मागे बसतो. पण कारखान्यात पोचलं की लोक आधी त्याला हाक मारतात. साहेब त्याला विचारतात, कॅन्टीनवाला त्याच्या चहात आलं जास्त टाकतो. हे मला आवडत नाही, कधीच आवडलेलं नाही.

सेफ्टीसाठी नवे साहेब आले होते, वापीकडचे. त्यांनी खोकी आणली ती लगेच फोडली नाहीत. आधी प्रत्येकाच्या मागे उभं राहून त्याचं काम बघितलं. मग वाटप सुरू झालं. पत्रे उचलणाऱ्यांना करडे, विणलेले मोजे. साहेबांनी आपल्या हातात घालून त्यावरून ब्लेड ओढून दाखवलं, ओरखडाही उठला नाही. तेजाबात सुटे भाग धुणाऱ्या बायांना लांब हिरवे रबरी. त्यात तोंडाने हवा भरून, तोंड पिळून, कुठून फुस्स होतं का ते रोज बघायला सांगितलं. रंगवाल्यांना पातळ निळे. वेल्डिंगवाल्यांना चामड्याचे. पत्र्याचे मोजे वेल्डिंगला चालणार नाहीत, वितळतील. रंगाचे तेजाबाला चालणार नाहीत, असं सगळं साहेब सांगत होते. ढगळ नको, आवळही नको, म्हणून प्रत्येकाला मूठ करून दाखवायला लावत होते.

माझी पाळी आली. मी आधीच मूठ करून उभा.

"ड्रिलवर? तुम्हाला नाय, भाई," साहेब म्हणाले. "हात खुल्ले ठेवायचे. फिरती मशीन आहे, पकडेल तर सोडणार नाय."

आणि त्यांनी माझ्या हातात एक ब्रश दिला, लोखंडाचा किस झाडायला. मशीनवर एक पारदर्शक झाकण बसवून घेतलं आणि पुढे गेले. ते म्हणाले ते मी ऐकलं, नाही असं नाही. पण माल संपला की दुकानदार जसं तोंड करून काहीतरी सांगतो, तसंच मला ते वाटलं.

आमच्यात बोट किनाऱ्याला लागली की आधी वाटे पडतात. तांडेलाचा, खलाशांचा, बोटीचा, जाळ्याचासुद्धा. ताप आला म्हणून कोणी घरी राहिला असेल तर त्याच्या घरी निदान कालवणापुरती मासळी जाते. ज्याला काहीच जात नाही तो बोटीवरचा राहिला नाही असं समजायचं. त्याला कोणी तसं तोंडावर म्हणत नाही, पण सगळ्यांना कळतं. आता ब्रश मशीनवर राहिला, झाकण मशीनवर राहिलं. जे पिशवीत घालून घरी नेता येत नाही त्याला मी वाटा कसा म्हणू?

घरी तर आणखीच तमाशा. वेल्डिंगचे मोजे ठिणग्यांनी भोकाळले की नवे मिळत, आणि जुने भावाच्या पिशवीतून घरी येत. त्याची बायको ते घालून शिंगाळे साफ करायची. शिंगाळ्याचा काटा ज्याला बोचलाय त्यालाच त्याचा ठणका माहीत. ती दारात बसून पिवळे चामडी हात हलवत, गाणं गुणगुणत माशाची मुंडी मोडायची. तिच्या शेजारी माझी बायको बोटाला चिंधी बांधून तेच काम करायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "थोरली, तुझ्या नवऱ्याला देत नाहीत का गं?"

"त्यांना दिले नाहीत," ती सांगायची. मी तिला तेवढंच सांगितलं होतं.

माझी बायको जाळी सांधणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी फाटकं जाळं आलं की समुद्रालासुद्धा ते पुन्हा फाडता येणार नाही असं सांधून जायचं. एका रविवारी तिने माझी जुनी जीन्स उसवली, माझा हात कापडावर ठेवून पेन्सिलीने आखला आणि दाभण घेऊन बसली. दोरा जाळ्याचा, नायलॉनचा. दुहेरी शिवण. शेवटची गाठ मारली आणि मोजा माझ्यापुढे टाकून म्हणाली, "ओढा. बैल लावा दोन्हीकडून. कापड जाईल, दोरा नाही जाणार."

मी ओढला. खरंच हलला नाही.

ते मोजे मला इतके आवडले की सांगता येत नाही. अंगठ्याला बरोब्बर बसले होते. मी ते घालून ड्रिलवर उभा राहिलो आणि भावाकडे बघून मुद्दाम मुठी उघडल्या, मिटल्या. साहेब आले की काढून खिशात टाकायचे, गेले की घालायचे. झाकण मोठ्या कामाला मध्ये येतं म्हणून तेही बाजूला वळवून ठेवलेलं असायचं. भाऊ एकदा म्हणाला, "दादा, साहेब नको बोललेत ना?" मी म्हटलं, "तुझ्या पोटात का दुखतंय?" तो परत वेल्डिंगला गेला. त्याच्या पोटात दुखतंय या नुसत्या कल्पनेने मला इतकं बरं वाटलं की दुपारच्या डब्याला चव आली.

आणि गल्लीत तर आमची चलतीच झाली. घरी शिवलेले, मापाचे, न फाटणारे हातमोजे! भावाची बायको ते उलटून पालटून बघत राहिली आणि काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मी पुष्कळ दिवस मनात चघळलं. समोरच्या काकीचा मुलगा दुसऱ्या एका कारखान्यात लेथवर आहे. काकीने आपल्या मुलासाठी जोडी मागितली. बायकोने ती आणखी जाड दोऱ्याने शिवायला घेतली. लोक आमच्याकडे मागायला येतात, आमचं बघून जळतात, हे सुख मला त्यापूर्वी ठाऊक नव्हतं.

मग तो दिवस आला. शिवणीचा एक टोकाचा धागा सुटून बाहेर आला असावा. ड्रिलचं बिट फिरत होतं, मी खालची लोखंडी पट्टी सरळ धरायला हात पुढे केला आणि धागा बिटाला लागला. एवढंच मला कळलं. पुढचं इतकं झटकन झालं की ओरडायलाही सुचलं नाही. साधा दोरा असता तर तुटला असता. हा जाळ्याचा. त्याने मोजा ओढला, मोज्याने हात ओढला, आणि मी मनगटाला हिसडे देतोय तरी दोरा बिटाभोवती गुंडाळतच चालला होता.

माझ्या मागून कोणीतरी धावत येऊन लाल बटणावर थाप मारली. मशीन थांबली. भाऊ होता. हातातली वेल्डिंगची ढालसुद्धा त्याने खाली ठेवली नव्हती.

दोन बोटं मोडली, तळव्याची कातडी सोलली, पण हात राहिला. डॉक्टरांनी कात्रीने मोजा कापायचा प्रयत्न केला, शिवणीपाशी कात्री अडली आणि त्यांनी दुसरी मागितली. बायको आली तेव्हा मी पलंगावर बसलो होतो.

"तरी बरं, मोजा होता," ती म्हणाली. "नाहीतर पंजाच गेला असता."

भावाने खाली बघितलं. तो बोलणार नाही हे मला दिसलं, आपल्या वहिनीला लागेल म्हणून. मलाच सांगावं लागलं. मोजा होता म्हणूनच हात आत गेला, दोरा तुटला नाही म्हणून, आणि फिरत्या मशीनवर मोजा घालायचाच नसतो.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी. वाटपाच्या दिवशी."

"आणि मला घरी येऊन काय सांगितलंत? दिले नाहीत!" ती इतक्या मोठ्याने बोलली की नर्स वळली. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "काकीला जोडी काल दिली मी. तिचा मुलगा आज सुट्टीवर होता, उद्या पहिल्या पाळीला जाणार."

आम्ही घरी पोचलो तो दिवस मावळतीला होता. मी तसाच काकीच्या दारात गेलो. प्लास्टरातला हात पुढे धरला आणि सगळं सांगितलं, धागा कसा लागला, दोरा कसा गुंडाळला, लेथवर तर अख्खा लोखंडाचा तुकडाच गरगर फिरतो, तिथे याहून वाईट होईल. काकी परातीत बोंबील निवडत होती. तिने माझा हात बघितला, मग माझं तोंड बघितलं.

"लागलं ते वाईट झालं रे बाबा," ती म्हणाली. "पण तुझे गेले म्हणून आता माझ्या पोराचे काढून घ्यायला आलास? सख्ख्या भावाला मिळालेलं तुला बघवत नाही, अख्ख्या गल्लीला माहिती आहे."

तिचा मुलगा आतून बाहेर आला. मोजे त्याच्या हातात होते, तो ते घालूनच बघत होता. म्हणाला, "मस्त बसलेत. राहू दे ना."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा. जितका चढला तितकी काकीची मान हलायला लागली, बघा, कसा जळतोय. माझ्या मागे बायको उभी होती, तीही सांगत होती, पण तिला काकी म्हणाली, "तू नवऱ्याच्याच बाजूने बोलणार." मला कळून चुकलं की माझ्या तोंडून निघालेलं इथे कोणी खरं मानणार नाही. आणि पोरगा सकाळी लेथवर उभा राहणार होता.

मी परत वळलो. भाऊ आमच्या दारात पाय धूत होता. आयुष्यात त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"तू सांग त्यांना," मी म्हटलं. "तुझं ऐकतील."

तो ओल्या पायांनी तसाच गेला. दारातूनच म्हणाला, "काकी, ते मोजे लेथवर घालू देऊ नकोस, हात जाईल."

"हो का रे?" काकी म्हणाली, आणि मुलाच्या हातातले मोजे स्वतः ओढून काढून तिने माझ्या भावाकडे दिले. मला एक प्रश्नही विचारला नाही. त्यालाही विचारला नाही.

त्या पोराचे दोन्ही हात आजही धड आहेत, आणि त्याचा मला आनंद आहे, देवाशपथ आहे. पण मोडका हात दाखवून, घसा ताणून मी जे पटवू शकलो नाही, ते माझ्या भावाच्या एका वाक्याने पटलं. ते आठवलं की अजून अंगाचा जळफळाट होतो, आणि ज्याने माझा हात वाचवला त्याच्यावर तो काढायची सोयही आता उरलेली नाही.